तोंडावरचं बोट

तिसरीच्या वर्गात मी मुलांचे हक्क शिकवत होते. 'आपलं मत मांडणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे,' असं फळ्यावर लिहिलं, तसं प्रत्येकालाच काहीतरी सांगायचं होतं. एकच कलकलाट झाला. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट." सगळी बोटं आपोआप ओठांवर गेली. एकट्या मुमताजने हात खालीच ठेवले. "सर, मग मत कसं मांडायचं?"

इवलंसं बोट ते. पण एकदा ओठांवर बसलं की सासरी, कचेरीत, ग्रामसभेतही तिथून हलत नाही. माझंही अजून पुष्कळदा तिथेच असतं.

"बाई, वर्ग आवरा," सर म्हणाले.

"आवरते, सर. आधी तिला उत्तर द्या."