सुगराबीच्या भिंती

मला लिहायची सवय आहे ती भिंतीवर. कागदावर काय लिहावं हे मला कळत नाही, कारण भिंतीवरचा मजकूर नेहमी दुसरं कुणीतरी देतं. कुंडल आणि आजूबाजूच्या गावांत मी जन्मभर पाट्या रंगवल्या. बायकांच्या भल्यासाठी सरकारला जे जे म्हणायचं होतं, ते आमच्या भागात बहुतेक माझ्याच हातानं लिहिलं गेलं. 'मुलगा मुलगी एक समान' हे मी एकदा अशा घराच्या भिंतीवर लिहिलं, की आत नुकतंच चौथ्या मुलीचं नाव नकुसा ठेवलं होतं. भिंत रस्त्याकडेची आणि सपाट होती, म्हणून निवडली होती. घरमालकानं मला चहा दिला आणि अक्षराचं कौतुक केलं.

तेव्हा अशा मजकुरावर माझा फार विश्वास होता असं म्हणता येणार नाही. सुगराबीची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यामुळेच. चुकलंमाकलं तर सोडून द्यावं.

सुगराबी ही चांदसाहेब नदाफाची बायको. नदाफांचा धंदा गाद्या करण्याचा. चांदसाहेब कापूस पिंजायचा, आणि खोळी शिवणं, कापूस भरणं, गादीला दोऱ्याचे टाके घालणं हे सगळं सुगराबी करायची. लोक मात्र म्हणायचे, गादी घ्यावी तर चांदसाहेबाची. तीही तसंच म्हणायची.

त्यांचं पत्र्याचं घर पडायला आलं होतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा ग्रामपंचायतीत सांगण्यात आलं की पैसा केंद्राचा आहे आणि नियमही केंद्राचा आहे, घर बाईच्या नावावर करायचं.

चांदसाहेब म्हणाला, "अम्मा आसती तर अम्माच्या नावावर घातलं आसतं. आता हिच्याच नावावर घालाय लागणार."

"का, बायको नको व्हय?" कुणीतरी विचारलं.

"नको कशाला? पर कागदापुरतंच की रं ते."

तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. कागदापुरतं आमच्याकडे बरंच काही चालतं.

पण या योजनेत एक भानगड होती. पाया झाला, भिंती झाल्या, छत झालं, की दर वेळी बांधकामापुढं लाभार्थ्याला उभं करून मोबाइलवर फोटो काढायचा, तो वर पाठवायचा, मग पुढचं काम. फोटो काढायला तालुक्याहून समीक्षा नावाची तरुण इंजिनिअर यायची. पायाच्या वेळी चांदसाहेब इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून मधोमध उभा राहिला.

"काका, तुम्ही बाजूला व्हा. लाभार्थी पाहिजे."

"म्या न्हवरा हाय तिचा."

"हो, पण लाभार्थी नाही."

तो वाळूच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. भिंतींच्या वेळी तो लांबच होता, तरी त्याचा अर्धा खांदा फोटोत आला आणि फोटो परत काढावा लागला. छताच्या वेळी समीक्षा मोटरसायकलवरून उतरायच्या आत तो आपण होऊन ढिगामागं गेला. सुगराबी तिन्ही वेळा एकाच साडीत उभी राहिली. पहिल्या वेळी तिची मान खाली होती. तिसऱ्या वेळी मी पाहिलं, ती मोबाइलकडे बघत होती.

शेवटी पाटी. भिंतीवर योजनेचं आणि लाभार्थ्याचं नाव रंगवायचं असतं. चांदसाहेब माझ्याकडे आला.

"तात्या, योजनेचं नाव बारीक काढ. माजं ठळक. हिचं खाली, जागा ऱ्हायली तर."

मी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. सांगितलं तसं काढलं. समीक्षा आली, पाटी वाचली, आणि फोटो न काढताच निघाली. जाताना मला म्हणाली, "काका, हे पुसा."

म्हणून त्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या दारात शिडीवर होतो.

आता तरन्नुमचं सांगायला हवं. ती यांची मुलगी. सासर मिरजेचं, नवरा सरफराज. लग्न झालं तेव्हा ती मिरजेतच नर्सिंग शिकत होती आणि शिकू देण्याचं कबूल झालं होतं. शेवटच्या वर्षाला सासूचे गुडघे धरले, आणि शिक्षण पुरे असं ठरलं. तरन्नुम पिशवी घेऊन आईबापाकडे आली. किर्लोस्करवाडीहून गाडीनं मिरजेला जायची आणि संध्याकाळी परत यायची. परीक्षा तोंडावर आली होती.

मी भिंतीवर 'सुगरा' एवढं काढलं आणि सरफराज, त्याचे चुलते आणि जमातीतले एक वयस्कर गृहस्थ असे तिघं आले. पडवीत नवी गादी टाकून त्यांना बसवलं. मला खाली उतरावंसं वाटत होतं, पण शिडीचा पाय त्यांच्या चपलांपाशी होता. बोलणं त्यांच्या दखनीत झालं. मी आपल्या बोलीत लिहितो.

चुलते म्हणाले, "चांदभाई, आमी भांडाय न्हाई आलो. लेकीनं बापाच्या घरात किती दिस ऱ्हायचं? लोक बोलत्यात."

चांदसाहेब बशीतल्या चहाकडे बघत राहिला. "खरं हाय," तो म्हणाला. "उद्या धाडतो."

दारात तरन्नुम उभी होती, ती आत वळली. सुगराबी रिकामे कप गोळा करत होती. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"बापाच्या घरात ती न्हाईच ऱ्हात," ती म्हणाली. "आईच्या घरात ऱ्हाती."

कुणाला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं. म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडे. सगळे वर बघायला लागले आणि मी जमेल तेवढा अंग चोरून बाजूला झालो.

"त्यांचं नाव आजून पुरं व्हायचंय," मी म्हणालो. काहीतरी बोलावंसं वाटलं.

चुलते कसलेले होते. "पर जागा तर चांदभाईची हाय न्हवं?"

"हाय की. जागा त्यांची, भिती माज्या. भिती घिऊन मी जाती, जागेवर त्यांनी निजावं."

वयस्कर गृहस्थांना हसू आलं, ते त्यांनी दाढीत घालवलं. "परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"फुडच्या महिन्यात," आतून तरन्नुम म्हणाली.

"मग परीक्षा होऊ द्या. फुडचं फुडं."

सरफराज तेवढ्यात पहिल्यांदाच बोलला. "मी तर तेच म्हणत होतो घरी." तो कुणापाशी म्हणत होता ते समजलं नाही.

चांदसाहेब त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "आवं, माजं काय चालतंय. केंद्राचा कायदा हाय. दिल्लीत फोटो बघत्यात. माजा नुसता खांदा आला तर परत काढला." परत आला तो झपझप, बऱ्याच दिवसांनी मोकळा झाल्यासारखा. शिडीखाली उभा राहून हळूच म्हणाला, "तात्या, आक्षरं मोठी काढ गड्या. रस्त्यावनं दिसली पायजेत."

लेकीला घरी ठेवायचं त्याच्याही मनात असावं. पण ते चारचौघांत म्हणायला त्याला कायदा लागला. बायकांसाठी केलेल्या या कायद्यानं आमच्या गावात पहिल्यांदा मोकळं केलं ते चांदसाहेबाला.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपलं घर कुणाच्या नावावर आहे हो?" मी म्हणालो, बघावं लागेल.

तरन्नुम पास झाली. मिरजेच्या एका दवाखान्यात लागली. सरफराज आईपासून वेगळा राहतो का, हे मी विचारलं नाही. पण रविवारी तो कुंडलला येतो आणि पडवीत शिरण्याआधी सासूला सलाम करतो, सासऱ्याला नंतर.

गेल्या महिन्यात चांदसाहेबानं धंद्याची पाटी सांगितली. पत्र्यावर, लाल अक्षरांत, 'चांदसाहेब नदाफ, गाद्या व उशा'. मी रंगवून घेऊन गेलो.

"कुठं लावू?"

"हिला इचार," तो म्हणाला. "भित तिची हाय."

सुगराबी गादीला टाके घालत होती. तिनं दाभण न थांबवता भिंतीकडे पाहिलं.

"डाव्या अंगाला लावा, तात्या. आनि जरा खाली. माज्या नावावर सावली पडाय नको."