मिस्त्रींनी अडवून ठेवलेला रेडिओ

वाशीमच्या बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री आधी रागवायचे आणि मग काय बिघडलं ते विचारायचे. गिऱ्हाईक टिनाच्या टपरीची पायरी चढायच्या आतच त्यांच्या कपाळावरची शीर उठलेली असे. बंद पडलेला रेडिओ मात्र ते तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांनी घ्यायचे. म्हणायचे, "हा मुका आहे, याच्यावर काय रागावू? तोंड तुले आहे. तू बोल."

बोल म्हणजे खरं बोल. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "शेवटचा हात कोणाचा लागला?" निम्मा बिघाड मालकाच्या पोटात असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींनी मांजरानं पाडला म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी रेडिओ उलटसुलट करून पाहिला आणि त्यांच्या हातात परत दिला. "मांजरीले घेऊन या. तिलेच विचारतो." शेठजी संध्याकाळी पुन्हा आले आणि रागाच्या भरात आपणच फेकला, हे कबूल करून बसले.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती १९७४-७५च्या सुमारास, माझं नवं लग्न झालं तेव्हा. मी रिठदच्या शाळेत सायन्स शिकवायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा गाढवपणा सायन्सच्या मास्तरालाच शोभतो. सासऱ्यांनी लग्नात ट्रान्झिस्टर दिला होता, कातडी पिशवीतला. दोन महिन्यांत त्याचा आवाज बसला. सेल संपले होते, इतकंच. पण नवे आणायला वाशीमला कोण जातो म्हणून मी जुनेच चुलीजवळ शेकले. तेव्हा सगळं गावच तसं करायचं. शेकलेले सेल चार दिवस चालले, मग पाझरले, आणि रेडिओ पार मुका झाला. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून मी आईच्या अडकित्त्याच्या टोकानं तो उघडला. फळ्यावर विजेच्या मंडलाची सुरेख आकृती काढणाऱ्या मला आतलं काही म्हणजे काही कळेना. एक बारीक तार तुटून हातात आली. ती आत कोंबली, झाकण लावलं आणि हात धुतले.

आई म्हणाली, "इवायानं जुना डबाच देला आपल्याले." मी गप्प. शेजारणी आल्या की ती त्यांनाही व्याह्यांची ही करणी ऐकवायची. बायको भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची. हात तेवढा जोरात पडायचा. मी तरी गप्प. शेवटी आईनं व्याह्यांना निरोपच धाडला, रविवारी येऊन आपला रेडिओ घेऊन जा. लेकीच्या लग्नात दिलेली वस्तू परत न्यायला माझे सासरे येणार होते. तेव्हा कुठे बायकोनं तोंड उघडलं. "आपण वाशीमले दाखवू. मलेही येऊ द्या." बसमध्ये तिनं रेडिओ मांडीवरून खाली ठेवला नाही.

टपरीत तो प्रश्न आलाच. मी म्हणालो, "आपोआप बंद पडला."

बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून असेल, मिस्त्रींनी माझ्याशी वाद न घालता झाकण काढलं. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या, स्प्रिंगांवर हिरवा गंज, आणि तळाशी सुपारीचा भुगा. तो त्यांनी बोटावर घेतला.

"काहून मास्तर, रेडिओ सुपारी खात होता काय?"

बायकोनं त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या बाबानं देला हा," ती मिस्त्रींना म्हणाली. "घरी म्हणतात, जुना देला. रविवारी परत न्यायले येऊन राह्यले ते."

एरवी चढणारा मिस्त्रींचा आवाज त्या दिवशी उतरला. मला पहिल्यांदा भीती वाटली.

"शाळेत पोट्टे खोटं बोलले त तू काय करतं?"

"उभं करतो."

"मंग हो उभा."

आणि मी झालो. अर्धा तास. समोरून माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप गेले. दोघांनीही अदबीनं नमस्कार केला.

तेवढ्या वेळात मिस्त्रींनी स्प्रिंगा घासल्या, तारेला डाग दिला, नवे सेल घातले. रेडिओ खणखणीत बोलू लागला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"हा इथंच राहीन. घरी जाऊन खरं सांग, इवायासमोर सांग. मंग बाईले पाठव. तुह्या हातात मी देत नाही."

परतताना बायको रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसली होती. माझ्या अंगाचा मात्र भडका उडाला होता. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा हा कोण? अख्ख्या रिठदला सांगतो, याच्याकडे कोणी जाऊ नका. गाव यायच्या आत लक्षात आलं की, का जाऊ नका तेही सांगावं लागेल. आईला एवढंच सांगितलं, रेडिओ दुरुस्तीला ठेवलाय.

रविवारी सासरे आले. धुतलेलं धोतर, खाली मान. चहाला हात न लावता म्हणाले, "आणा, घेऊन जातो." मग मी दारात उभ्यानंच सगळं सांगितलं. सेल, अडकित्ता, तार.

आई मला म्हणाली, "अन् इतके दिवस माह्या तोंडून वदवून राह्यला तू?" मग व्याह्यांकडे वळली. "चा घ्या. चुकलं माह्यं." आईला चुकलं म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि चूक माझी होती. सासरे म्हणाले, "असू द्या. शिकलेल्या माणसाचं होते असं कधी कधी." त्यांनी हे मनापासून म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बायको वडिलांबरोबर वाशीमला जाऊन रेडिओ घेऊन आली. त्यानंतर मी टपरीवरून जायचो तेव्हा मिस्त्री तोंड फिरवायचे. एकदा धीर करून त्यांना सांगितलं, "घरी खरं बोललो मी."

"मंग काय, हार घालू?" ते म्हणाले.

ते गेल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. टपरीच्या जागी दुसरंच दुकान दिसलं, म्हणून मी चौकशी केली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती तूर निवडत होती.

"लग्नाच्या त्या पहिल्या वर्षात," ती म्हणाली, "माह्यासाठी रागावला असा तेवढा एकच माणूस होता."

मी समोरच बसलो होतो.