प्रभूच्या खुर्चीवरचे कपडे

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी नगरची, जन्माने ख्रिस्ती, पण चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की माझं लक्ष घड्याळाकडे. "प्रभूने मला स्पर्श केला..." बरं बाई, केला असेल! त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

२००६चा हिवाळा. आम्ही परदेशात, पामर्स्टन नॉर्थ नावाच्या गावात राहायचो. नवरा, अनिल, तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. पंचेचाळिशीत त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं पूर्ण बंद. नगरला ज्याच्या आवाजावर चर्चचा अख्खा क्वायर चालायचा, त्याला पाणी मागायलाही शब्द फुटेना. उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं मी एकटी. माझी कंबर गेली, झोप गेली, आणि खरं सांगू? मायाही आटत चालली होती. सोमवारी नर्स येणार होती, आणि त्याला रेस्ट होममध्ये, म्हणजे तिथल्या शुश्रूषागृहात, ठेवायला मी हो म्हणणार होते. अनिलला तसं सांगितलंही होतं.

त्याच्या घरची एक पद्धत — संध्याकाळच्या उपासनेला एक खुर्ची रिकामी ठेवायची. प्रभूसाठी. सासऱ्यांनी ती नगरला पाळली, अनिलने पामर्स्टनला. स्ट्रोकनंतर मी उपासनाच बंद केली आणि त्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकायला लागले. घड्या घालायला वेळ कोणाला होता?

रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. पामर्स्टनचा तो मेला वारा... ओली चादर सारखी तोंडावर आपटत होती आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "देवा, मला नाही जमत आता! संपले मी! बहिरा झालास का?" अगदी मोठ्याने. शेजारच्या जॅनेटला मराठी कुठे कळतंय!

आणि घरातून गाणं ऐकू आलं. अनिल गात होता... नगरच्या चर्चमधलं जुनं गीत, शब्दांसकट! आणि त्याच्याबरोबर, खालच्या सुरात, आणखी एक पुरुष गात होता.

कोणी भेटायला आलं असेल, म्हणून मी आत धावले. गाणं थांबलं. अनिल खिडकीपाशी, मी बसवला होता तसाच. गाल ओले. दुसरं कोणी नाही. पुढचं दार आतून बंद, टीव्ही बंद, रेडिओ बंद.

तेवढ्यात जॅनेट कुंपणावरून ओरडली, "लव्हली सिंगिंग! पाहुणे कोण आलेत? काय आवाज आहे त्यांचा!"

मी मागे वळले, आणि तेव्हा दिसलं. प्रभूची खुर्ची रिकामी होती. कपड्यांचा ढीग सोफ्यावर. मी तो हलवला नव्हता, आणि अनिलला माझ्याशिवाय उठताही येत नव्हतं.

स्पीच थेरपिस्टने नंतर समजावलं — बोलणं गेलेल्यांना कधीकधी गाता येतं, गाणं मेंदूत वेगळीकडे असतं म्हणे. ठीक, पटलं. पण मग तो दुसरा आवाज कोणाच्या मेंदूतला? आणि सासऱ्यांचा म्हणाल, तर त्यांचा आवाज मी ओळखते, तो नव्हता.

सोमवारी नर्स आली. 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "नाही, घरीच ठेवणार." कंबर तेवढीच दुखत होती. तरी त्या दिवशीही त्याला उचललं, दुसऱ्या दिवशीही. बळ कुठून आलं? मला नाही माहीत!

अनिलचा हात काही हलला नाही. बोलणंही आलं नाही, फक्त चर्चची गाणी तेवढी गातो. याचाच तर संताप होतो. "एवढा घरात येऊन गेलास, तर जाता जाता त्याचा हात तरी बरा करायचास! कपडे कसले उचलत बसलास?" हे मी रोज विचारते.

घड्या घालायला मला अजूनही वेळ मिळत नाही. मग ढीग टाकते जमिनीवर. अनिल हसतो. पण त्या खुर्चीवर... नाही टाकत.