रामटेकच्या चढाला अठ्ठावीस दाते

रंजू, ये वं इकडं, जवळ बस अन् हे एका बैठकीत वाच. लिफ्टमध्ये अर्धं, जेवताना अर्धं असं वाचतेस ते मला इथं कळतं. मेलबर्नला जाऊन तीन दसरे झाले तुला, आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर "आई, माझी सायकल बरी आहे ना?" आई बरी आहे का, हे त्यानंतर. बरं, सायकलचंच सांगते. तुझ्या सायकलनं मी रामटेकला जाऊन आले.

आठवतं ना, तू जायच्या आधी आपण दोघींनी जायचं ठरवलं होतं, आणि ते राहूनच गेलं. यंदा दसऱ्याला सायकलला हार घालताना मनात आलं, एकसष्ट पूर्ण झाली, गुडघे अजून ऐकतात, वाट किती दिवस बघायची? गडाचा चढ एकदाही खाली न उतरता चढायचा, एवढंच मागणं. तर माझा पहिला मुक्काम लकडगंज.

तिथल्या सायकलवाल्या भाऊंना तू ओळखतेस, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी मागचं चाक फिरवलं, तर चेन टकटक उड्या मारायला लागली. पेचकस घालून खरवडलं तर दातांमधून लालपिवळा लगदा निघाला, वड्या पाडाव्यात इतका.

"काकू, हे सायकल हाये का देव्हारा?"

"दसऱ्याला पूजा करते ना भाऊ."

"मंग हँडलले लावा नं हळदकुंकू. चाकाच्या दातात काहून भरता?"

काय सांगणार? ज्या चाकानं तुला गावभर फिरवलं, त्याला आधी कुंकू, असं माझं. तीन वर्षांचं कुंकू वंगणात मुरून बसलं होतं. सायकल जागची हलली असती तर झडलं तरी असतं.

मग त्यांनी मला समजावलं. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांचा जुडगा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. तुझ्या जुडग्यात सगळ्यात लहान चकती अकरा दात्यांची, सगळ्यात मोठी पंचवीसची. मोठी चकती जितकी मोठी, तितका चढ पायाला हलका. "आपल्या नागपुरात चढ कुठं हाये? म्हणून सगळे पंचवीसच लावते," भाऊ म्हणाले. "गडावर जायचं तर चौतीस लावा. पण हा चेन ओढून धरणारा खालचा दांडा आखूड हाये. चौतीसले लांब दांडा पायजे, चेनबी लांब पायजे. आहे त्या दांड्यावर अठ्ठावीस बसते."

तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालीस, "अठ्ठावीसच घे आई. चौतीसमध्ये दोन गिअरांमधलं अंतर फार पडतं, सपाटीवर मजा जाते." तू सपाटीवरच्या मजेचं बोललीस, मला त्यात तुझं येणं दिसलं. म्हटलं, पोरगी आली की तिला सायकल परकी वाटायला नको.

"अठ्ठावीस लावा," मी म्हणाले.

"चालवणार कोन हाये?"

"पोरगी."

"अन् रामटेकले जाणार कोन?"

"मी."

भाऊंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अठ्ठावीस बसवली.

दिवाळी आटोपल्यावर एका पहाटे निघाले. कामठी मागे पडेपर्यंत बोटं गारठलेली. कन्हानच्या पुलावर धुकं इतकं, की नदी नुसती ऐकू आली. पलीकडे टपरीवर पोहे खाल्ले, वर तर्री (तिखट रस्सा) आणि मूठभर सांबार (कोथिंबीर). शेजारच्या बाकावरचे एक आजोबा माझ्या हेल्मेटकडे बघत होते.

"बाई, घरी गाडी नाही का?"

"आहे ना."

"मंग भांडून निघाल्या का?"

पुढे दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली, ओल्या पेंढ्यांचा वास. मनसरच्या वळणावर गिअर बदलताना चेन उतरली. तू काडीनं चढवायचीस, म्हणून मीही काडी घेतली, तर ती मोडली. शेवटी हातानं चढवली आणि काळे हात पदराला पुसायला गेले, तर अंगात पंजाबी ड्रेस.

गडाचा रस्ता सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर अठ्ठावीसच्या चकतीवर येऊन टेकले. बोट गिअरचा खटका दाबतच राहिलं, पण पुढं चकतीच नव्हती. गुडघा म्हणाला, बस. उतरले. डोळ्यांत पाणी आलं ते घामाचं, असं समज.

हातात सायकल धरून वर चालले. कठड्याशी एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेली, वयानं माझ्याच बरोबरीची. एका हातात काठी, वानरांसाठी.

"बस वं माय, दम घे. सायकल कोनाची?"

"लेकीची."

"लेक कुठं हाये?"

"परदेशात. ती येईल म्हणून तिला सोयीचे गिअर ठेवलेत. माझ्यासाठी हलके बसवता आले असते."

तिनं दातानं शिंगाडा फोडला, मला दिला. "मंग तू काहून तिच्या पायानं चढून राहिली?"

तोंडात शिंगाडा होता, हे बरं झालं. पुढं वर गेले, दर्शन घेतलं, खाली अंबाळा तलावाचं पाणी पाहिलं. जीव मात्र त्या प्रश्नापाशीच अडकला. येताना पुलावर वारा समोरून होता, घरी यायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी लकडगंजला जाऊन चौतीसची कॅसेट, लांब दांडा, लांब चेन, सगळं बसवून घेतलं. भाऊंनी विचारलं, "पोरीले विचारलं का?" मी म्हणाले, "नाही."

परवा पुन्हा गेले. भात्यासारखा श्वास चालत होता, एक माणूस पायी चालत माझ्या पुढं निघून गेला, पण उतरले नाही. वर पोचल्यावर सवयीनं मागे वळून पाहिलं, तू किती मागे आहेस ते. रस्त्यावर कोणी नव्हतं.

तू म्हणालीस ते खरं निघालं, रंजू. कामठी रोडवर जो एक गिअर हवा वाटतो तो आता नाही. एक जड पडतो, पुढचा हलका. मधलं जे गेलं त्याची पायांना चुटपुट लागते. पण पाय माझे आहेत. सायकलही आता माझी झाली, हे तोंडानं सांगता आलं नसतं म्हणून इतकं लिहिलं. रागावू नको.

आणि सायकल वाट बघते म्हणून येऊ नकोस, ती आता बघत नाही. मी बघते. या हिवाळ्यात जमव, आठच दिवस जमले तरी चालतील, पण लवकर ये.