थांबण्यात पहिला नंबर

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गाडी पळवणारे पैशाला पासरी मिळतील. गाडी थांबवण्याचा शौक असलेला माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. पिंपरी पेंढारला बागायत, अंगात पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, आणि बोलण्यात अष्टौप्रहर ब्रेक. कुणी नवी गाडी घेतली की लोक ॲव्हरेज विचारतात, रंगाचं कौतुक करतात. साडूभाऊ आधी चाकाशी उकिडवे बसत आणि जाळीतून आतल्या ब्रेककडे डोकावत. एकदा भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही मंचरला गेलो होतो. आत कांदेपोहे आले तरी यांचा पत्ता नाही. शेवटी बाहेरून हात झटकत आले आणि माझ्या कानाशी लागले, "पावणं, पोरगं नगं. गाडी दोन वर्साची न्हाई आन् ब्रेकची पॅडं पार खाल्ल्यात. ह्याला शेवटच्या घटकेला पाय मारायची सवय हाय." स्थळ मोडलं ते पत्रिकेमुळे, असं आम्ही जगाला सांगितलं.

हे वेड जन्मजात नव्हतं. नव्वदच्या दशकात त्यांनी एक जुनी, छोटी पांढरी मोटार घेतली आणि आम्ही दोन जोडपी तिच्यातून भीमाशंकरला गेलो. मी तेव्हा घोडेगावला शाळामास्तर होतो. दर्शन झालं, परत निघालो. घाटाच्या उतारावर साडूभाऊ गप्पांच्या नादात ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडत होते. चार वळणं झाली आणि त्यांचा पाय एकदम तळापर्यंत गेला. मग शांतपणे म्हणाले, "पावणं, पायाखाली काय लागंना." त्यांनी गिअर खाली ओढला, हातब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या बाजूला मातीला घासत घासत नेली. एका पळसाच्या खोडाशी ती टेकून थांबली, तेव्हा चाकांतून धूर निघत होता. अक्का प्रसादाची पिशवी छातीशी धरून तशाच बसून होत्या. अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप परत लागू लागला, आणि साडूभाऊंना राग आला तो याचाच. "कायमचं गेलं आसतं तर समजलं आसतं. परत आलं म्हंजी आपल्याला फसवत व्हतं!" अक्का मात्र त्या दिवशी घोडेगावला उतरल्या आणि एस.टी.ने घरी गेल्या. त्यानंतर नवऱ्याच्या गाडीत त्या बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. फक्त बसल्या नाहीत. साडूभाऊ लग्नाला मोटारीने जायचे आणि अक्का मागून एस.टी.ने.

नारायणगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांना कारण समजावलं. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही, की चाकं तापल्यावर ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि पाय नुसती वाफ दाबत राहतो. एवढं ऐकून साडूभाऊंना जो साक्षात्कार झाला तो झालाच. त्यांनी जास्त उष्णता सोसणारं ऑइल आणलं. एकदा फोडलेला डबा पुन्हा वापरायचा नाही, हा नियम त्यांनी सोवळ्यासारखा पाळला. मग लक्षात आलं की चाकाकडे जाणारे रबरी पाइप दाबासरशी फुगतात, म्हणून ते पुण्याला जाऊन स्टीलच्या जाळीने विणलेले पाइप शोधू लागले. त्या खेपेला मी बरोबर होतो. दुकानदाराने पायजम्याकडे बघत विचारलं, "काका, रेसिंग करता का?"

"न्हाई राव. बायकूला गाडीत बसवायचंय," साडूभाऊ म्हणाले. दुकानदार हसला. मला हसू आलं नाही.

पाइप बदलले की आतली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने गाडीखाली झोपायचं, दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. गाडी उभी असल्यामुळे अक्कांची त्याला हरकत नव्हती. अंगणात तासन्‌तास "दाब... धर... सोड" चालायचं. अक्का मांडीवर परात घेऊन लसूण सोलत आणि पायाने ब्रेक दाबत. "सप्तपदीला सातच पावलं व्हती," त्या मला म्हणाल्या, "ह्या मानसानं पायाचा पार तुकडा पाडला."

पुढे त्यांनी शर्यतीच्या गाड्यांची कडक पॅडं आणून बसवली आणि थंडीतल्या एका सकाळी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शिरले. ब्रेक दाबला; गाडी आपली चाललीच. टोमॅटोच्या कॅरेटची थप्पी अंगावर घेऊन ती थांबली. सुदैवाने कॅरेट त्यांच्याच मळ्यातले होते. सगळा बाजार हसत होता आणि साडूभाऊ लाल चिखलात उभे राहून आनंदाने ओरडत होते, "अरे, ह्यान्ला आधी तापाया लागतं!" तेव्हापासून त्यांनी पॅडांचे दोन संच ठेवले. एक रस्त्याचा, थंड असतानाही पकडणारा. दुसरा शर्यतीचा, तापल्याशिवाय कामाला न लागणारा.

शर्यतीच्या संचाचा उपयोग काय, असा प्रश्न सगळ्या गावाला पडला होता. दोन हजार सालानंतर कधीतरी तो सुटला. पुण्याच्या काही हौशी मंडळींनी आमच्या भागातल्या एका पडीक माळावर मोटारींची स्पर्धा ठेवली. एकेका गाडीने वळणावळणाचे तीन फेरे मारायचे आणि शेवटी चुन्याने आखलेल्या चौकोनात गाडी उभी करायची. रेघ ओलांडली की वेळेत दहा सेकंद जादा धरायचे. साडूभाऊंनी नाव दिलं. अक्का माझ्याबरोबर बघायला आल्या, अर्थात एस.टी.ने.

शर्यतीआधी साडूभाऊ माळाच्या कडेने गाडी पळवत आणि थांबवत, पळवत आणि थांबवत होते. एका पोराने विचारलं, "काका, गाडी बिघडली का?"

"न्हाई राव. तवा तापवतोय. भाकरी मंग टाकू."

पुण्याच्या पोरांच्या गाड्या खरोखर वाऱ्यासारख्या सुटल्या. पण तिसऱ्या फेऱ्यापर्यंत एकेकाची चाकं धुरावली, आणि जो तो चौकोन ओलांडून पुढे घसरला. मग साडूभाऊ निघाले, टोपी खिशात आणि डोक्यावर कुणाचंतरी हेल्मेट. सरळ वाटेवर त्यांची गाडी घड्याळात मागे पडायची. पण वळणावर बाकीचे जिथे कचरले, तिथे हे सरळ आत शिरायचे. शेवटचं वळण काढून ते चौकोनाकडे झेपावले. सगळ्यांनी ब्रेक लावला होता ती जागा गेली, तरी गाडी धावतच होती. अक्कांनी माझं मनगट धरलं. "ग्येलं! आता काय थांबत न्हाई!" त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी गाडीने नाक खाली केलं आणि गाय गोठ्यात उभी राहावी तशी ती चारी चाकांनिशी चौकोनात उभी राहिली.

माळभर आरोळी उठली. सेकंदांची बेरीज झाली, आणि पहिला नंबर पिंपरी पेंढारचा! कुणीतरी त्यांच्यापुढे माइक धरला. "पळाया काय," साडूभाऊ म्हणाले, "उतारावर धोंडा बी पळतो."

तेवढ्यात अक्का गर्दीतून सरळ गाडीपाशी गेल्या, डावं दार उघडून आत बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "चला. घरी न्या."

साडूभाऊंनी माइक परत दिला आणि जॅक काढला. "जरा थांब. ही पॅडं थंड झाली की धरत न्हाईत. तुला न्यायचं तर रस्त्याचीच पायजेत." तिकडे कपासाठी त्यांचं नाव पुकारत होते आणि इकडे विजेता भर उन्हात चाक खोलून पॅडं बदलत होता. अक्का उतरून सावलीत गेल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या. कप मीच घेतला. त्यांची गाडी गेली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पुण्याची पोरंही होती.

आता साडूभाऊंची नजर अधू झाली आहे. गाडी त्यांनी आपण होऊन विकली. अंदाज चुकायच्या आत सोडलेलं बरं, म्हणाले. कुठे जायचं असलं की ते माझ्या गाडीत शेजारी बसतात. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा मी तो पाय बघूनच माझा ब्रेक लावतो. परवा घराशी उतरताना त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. "गाडी थांबती लई चांगली, पावणं," ते म्हणाले, "माझ्या पायाला तेवढं कळाया पायजे."