मधुकरच्या हातचा गंज

मधुकरच्या हाताला गंज आहे, असं कुपवाडच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. काही माणसांचा घामच तसला असतो. घासलेल्या लोखंडाला हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथं तांबडी बोटं उमटतात. सांगलीच्या घरात शरयू नवऱ्याला विळीलासुद्धा हात लावू द्यायची नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं वडिलांची बंद पडलेली फियाट सुटी केली. एकेक भाग घासून लख्ख केला आणि माडीवर सतरंजीवर मांडला. शरयू हातमोजे घाला म्हणून कानीकपाळी ओरडली, पण ऐकेल तर शपथ. त्यातच श्रावणात हार्ट ॲटॅकनं गेला.

दिवसकार्य उरकून तिनं माडी उघडली, तर सगळ्या भागांवर त्याची बोटं. तिनं रॉकेलनं पुसून काढली. सकाळी पुन्हा उमटली, आदल्या दिवसापेक्षा ठळक. गाडीच्या दाराच्या मुठीवर तर अख्खा अंगठा. आधी तिची बोबडी वळली. मग मात्र ती रोज सकाळी चहा घेऊन वरच जाऊन बसायला लागली. रात्रीतून हे इथं वावरतात, असं तिला वाटायचं, आणि त्यात तिला बरं वाटायचं.

मधुकरचा कारखान्यातला जोडीदार गुंडा आता प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचं काम करायचा. गाडी जोडायची म्हणून शरयूनं त्याला बोलावलं. त्यानं भाग उजेडात धरले आणि त्याचा चेहरा उतरला. गंज आत शिरला होता, आणि हे भाग आता बाजारात मिळत नव्हते. क्रोम दिसायला झकास, पण टिकायला पिवळं झिंक बरं, असं त्यानं सांगितलं. काहीही केलं तरी आधी ॲसिडात बुडवणं आलंच. डाग ठेवून वरून वॉर्निश मारता येईल का, असं शरयूनं दोनदा विचारलं.

"मारतो की वहिनी," गुंडा म्हणाला. "पर त्येच्या घामातलं मीठ हाय ते. खालनं खाईतच ऱ्हाणार. पुढच्या पावसाळ्यापत्तूर गाडीचं काय उरायचं न्हाई."

गाडी रस्त्यावर आणायची, एवढी एकच हौस मधुकरला उरली होती.

"पिवळं झिंक करा," शरयू म्हणाली.

भाग सोन्यासारखे होऊन आले. तिनं ते होते तसेच मांडले. सकाळी माडीवर जाऊन एकेक भाग खिडकीशी धरून पाहिला. दुसऱ्या दिवशीही पाहिला. कुठंच काही उमटलं नव्हतं. गाडी आता वाचली होती. शरयू सतरंजीवर बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.