पहिली भाकरी
तव्यावर नव्या बाजरीची भाकरी फुगली की त्या वासासरशी मला लग्नानंतरची पहिली वसुबारस आठवते. आमच्या शिरूरकडच्या मळ्यावर त्या संध्याकाळी पहिली भाकरी गाय-वासराला चारल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. पण त्या वर्षी दुपारीच बिबट्यानं गोठ्यातलं वासरू उसात ओढून नेलं होतं. थोडा वेळ ते आतून ओरडत राहिलं, आणि आम्ही सगळे हातात काठ्या घेऊन बांधावर नुसते उभे होतो. दिवेलागणीला सासूबाई पूजेचं ताट घेऊन गोठ्यात आल्या आणि थबकल्या. "वासराबिगर पूजा कशी करायची वो?" सासरे म्हणाले, "कशी बी कर, पर गाईम्होरं रडू नगं." सासूबाईंनी गाईला कुंकू लावलं, आणि मग सवयीनं खाली वाकलेली बोटं वासराच्या रिकाम्या खुंट्याला टेकवली. गाय तो खुंटा चाटत राहिली, कुंकू पुसून गेलं तरी चाटत राहिली. भाकरीला तिनं तोंड लावलं नाही, म्हणून घरातही कुणी लावलं नाही. आता ताट माझ्या हातात असतं. गाय भाकरी खात असते तेव्हा माझी नजर तिच्यावर नसते, उसावर असते.